चारही बाजूंनी एक वीत

घर बांधून झालं की दारात वाळूचा एक ढीग उरतोच. कितीही मोजून मागवा, उरतोच! मालक म्हणतो, राहू द्या, लागेल कधीतरी. मग त्यावर मांजर बसायला लागतं, गवत उगवतं आणि दहा वर्षांनी जाऊन बघावं तर ढीग तिथेच. आमच्या ऑफिसातले किस्से असेच उरलेले आहेत. कुणी मागवले नव्हते, आता कुणी उचलतही नाही. मित्र जमले की मी ते हसायचे म्हणून सांगायला घेतो. सांगून झाले की मलाच गप्प बसावंसं वाटतं.

ऑफिस म्हणजे मंचरला खताच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन. पोखरकर सर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियर, मी ड्राफ्ट्समन आणि साइट सांभाळणारे किसन रोकडे मिस्त्री. जुन्नर-आंबेगावात कुणाला स्लॅब टाकायचा असला, पाण्याची टाकी बांधायची असली की आमच्या जिन्यावर चपला वाजायच्या. पोट त्यावर चालायचं. सरांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. भूकंप आला तरी घर पडणार नाही, असा पाया.

*

किल्लारीच्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी मी नोकरीला लागलो. साखर कारखान्यातली टेम्पररी नोकरी सुटली होती, घरात दोन लेकरं होती, तेव्हा मुलाखतीला अर्धा तास आधीच पोचलो. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. सरांनी ती पिशवी उघडलीसुद्धा नाही.

त्यांच्या टेबलावर चहाचा मोठा ट्रे होता. ट्रेमध्ये चाळलेली वाळू, वाळूवर फळी, फळीवर उभ्या रचलेल्या चार विटा. ट्रेच्या शेजारी, नुसत्या टेबलावर, तशाच आणखी चार विटा रचलेल्या.

"टेबलाला लाथ मारा," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर?"

"मारा हो. जोरात."

मारली! टेबलावरच्या विटा धडाधड कोसळल्या, त्यातली एक माझ्याच पायावर पडली. वाळूवरची फळी बोटभर सरकली. तिच्यावरच्या विटा जशाच्या तशा उभ्या.

सरांनी फळी आणि ट्रेची कड यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "सगळी गंमत इथं आहे. खाली जमीन हलली तर हलू दे, घर वाळूवर सरकून घेईल. पण सरकायला जागा पाहिजे. घराच्या चारही बाजूंनी एक वीत फट, एकदम मोकळी. त्यात एक वीट जरी अडकली तरी संपलं, घर पुन्हा जमिनीला बांधलं गेलं."

दाराशी उभ्या असलेल्या रोकडे मिस्त्रींनी माझ्याकडे, मग विटांकडे पाहिलं.

"सर, टेबलाला लाथ मारनारा तर घावला," ते म्हणाले. "आता घर बांधनारा कवा घावनार?"

*

किल्लारीबद्दल सर फारसं बोलत नसत. भूकंपानंतर ते तिथे मदतीला गेले होते आणि पंधरा दिवस राहिले होते, एवढंच आम्हाला माहीत. एकदाच बोलले. घोडेगावच्या एका साइटवर आम्ही तिघं झाडाखाली भाकरी खात बसलो होतो.

तिथल्या एका पडलेल्या घरात सर भिंतीची जाडी टेपने मोजत होते. ढिगाऱ्याजवळ एक म्हातारी बसलेली होती. ती म्हणाली, "मोज बाबा, मोजून बघ. माझ्या मालकानं दोन हात जाड भिंत बांधली होती. लेकरं सुखानं राहावीत म्हणून. एवढी जाड भिंत कशी रे पडली?"

"मग तुमी काय सांगितलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सांगितलं की आजी, जमीनच फार हलली."

"अन् खरं काय व्हतं?"

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "जाड होती म्हणूनच पडली. नुसते दगड आणि माती, कशाला काही बांधलेलं नाही. जमिनीने कुणाला मारलं नाही मिस्त्री. भिंतींनी मारलं."

मिस्त्री वीस-बावीस वर्षं दगड-मातीच्या भिंती बांधत आले होते. त्यांच्या वडलांनीही तेच केलं होतं. जाड भिंत म्हणजे चांगला गवंडी, असंच आमच्याकडे मानतात. त्यांनी बराच वेळ आपल्या हातांकडे पाहिलं.

"आपल्या दोन तालुक्यांत माझ्या हातच्या किती भिंती आसतील, सर?"

  त्या दिवशी आम्ही डबे तसेच बंद केले.

*

पहिलं घर घावलं ते नारायणगावच्या अलीकडे, बबनराव नावाच्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्याचं. त्यांना पटवायला सहा महिने लागले. "आमी वाळू भिंतीत घालतो," ते म्हणायचे, "अन् तुमी भिंतीखाली घालनार! पावणं काय म्हनतील, राव?" शेवटी त्यांच्या मुलीने शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातला भूकंपाचा धडा वाचून दाखवला, तेव्हा कुठे तयार झाले.

सरांनी त्या पायावर जीव टाकला. खाली काँक्रीटचा बीम, त्यावर चाळलेल्या वाळूचा थर, त्यावर दुसरा बीम, मग घर. मिस्त्री कुरकुरत होते, पण फट मोजताना स्वतः वाकून वीत टाकत होते. स्लॅब झाला तेव्हा सरांनी सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "सात दिवस पाणी मारा."

इथे एक सांगायला हवं. काँक्रीटला पाणी मारायचं असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सरांच्या तोंडून ते निघालं म्हणजे काम पसंत पडलं! त्याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. नापसंत असलं तर एकच शब्द म्हणायचे, "फोडा."

वास्तुशांतीला आम्ही तिघं गेलो. सरांनी नवा सदरा घातला होता. घराला फेरी मारायला निघाले आणि कोपऱ्यावरच थांबले. फट गायब! सगळीकडून मस्त कोबा, त्यावर लाल रंगाची पट्टी, पट्टीवर तुळशीच्या कुंड्या.

बबनराव हसत पुढे आले. "सर, तुमचं येवढं एक काम ऱ्हायलं व्हतं बघा. कोंबडीची पिल्लं पडत व्हती त्यात. म्हनलं सरांना कशाला तरास द्यायचा, आमीच पुरं करून टाकलं!"

सर म्हणाले, "फोडा."

कोण फोडणार? अंगणात मांडव, जेवणाच्या पंगती, पाहुणे. सर दारातूनच मागे फिरले. फट बुजवलेल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, मग तो कुणाचाही असो, हा त्यानंतर त्यांचा नियमच झाला. त्या दिवशी एसटी स्टँडवर आम्ही उपाशीपोटी वडापाव खाल्ला, आणि बबनरावांच्या मांडवातल्या जिलबीच्या आठवणीने माझा जीव नुसता तळमळत होता.

*

दुसरं घर खोडदला. मालक शाळेतले गुरुजी. त्यांच्या अंगणातून रेडिओ दुर्बिणीच्या, आभाळाकडे तोंड केलेल्या मोठ्या अँटेना दिसतात. सर त्यांना म्हणाले, "गुरुजी, ही एवढी थाळी तिकडे वर, पण तिचा सगळा भार खालच्या पायावर." गुरुजी म्हणाले, "म्हणजे पाया दिसत नाही म्हणून त्याला विसरायचं नाही." सर खूश! परत येताना मोटारसायकलवर माझ्या मागे बसून सारखे म्हणत होते, "एका माणसाला समजलं. एका माणसाला तरी समजलं."

गुरुजींना खरंच समजलं होतं. त्यांनी घर बांधलं, फट ठेवली, तिच्या कडेने चुन्याची रेघ मारली. पोरांना तिथे खेळू देत नसत. पावसाळ्यानंतर माती साचली की स्वतः काढायचे. सरांना पत्र लिहून कळवायचे, "फट सुस्थितीत आहे." ती पत्रं सरांनी फाइलला लावली होती.

दोन वर्षांनी आम्ही गेलो तर गुरुजींच्या घराशेजारी त्यांच्या धाकट्या भावाचं घर उभं राहिलेलं. शेजारी म्हणजे अगदी खेटून. एकच भिंत दोघांत. वडील गेल्यावर भावाने वेगळं राहायचं नाही, अशी आईची इच्छा होती.

सर बघत राहिले. गुरुजींचा चेहरा उतरला. "सर, फट ठेवलीय ना," ते म्हणाले. "तीन बाजूंना आहे."

आईची इच्छा. तिला "फोडा" कसं म्हणणार? सरांनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अंगणात बाजेवर बसून चहा घेतला. आत गेले नाहीत. गुरुजींची पत्रं नंतरही येत राहिली. "फट सुस्थितीत आहे." सर ती वाचायचे आणि फाइलला लावायचे. मला त्या फाइलचा फार राग यायचा.

*

मग सव्वीस जानेवारीला गुजरातेत भूकंप झाला. टीव्हीवर दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर रांग! खताच्या दुकानदाराला वाटलं, खालचं गिऱ्हाईक वर चाललंय. जो येईल तो म्हणे, "सर, ते भूकंपवालं फाउंडेशन आमाला बी द्या."

सर दोन आठवडे घरी जेवायला गेले नाहीत. मी अकरा नकाशे काढले. मिस्त्रींनी घोड नदीवर जाऊन वाळू बघून ठेवली. डोळ्यांत पाणी येईल एवढे आनंदात होते सर, आणि त्या आनंदाची त्यांनाच लाज वाटत होती. "एवढी माणसं गेली," ते मला म्हणाले, "आणि मी इथे खूश होऊन बसलोय."

काळजी करण्याचं कारण नव्हतं. होळीपर्यंत अकराच्या अकरा मालक माघारी फिरले. एकाने वरच्या मजल्याचा विचार काढला, दुसऱ्याच्या मेहुण्याने वाळूला नावं ठेवली, तिसऱ्याला फटीत साप दिसला स्वप्नात. शेवटचा आला तो एकलहऱ्याचा एक म्हातारा. त्याने फार प्रेमाने समजावलं.

"सर, भूकंप गेला न्हवं का तिकडं गुजरातंला? मंग आता इकडं कशाला यील?"

म्हातारा गेल्यावर सर खिडकीशी उभे राहिले. "मला मोठी बिल्डिंग नको," ते म्हणाले. "शाळा नको, दवाखाना नको. एक घर. चारही बाजूंनी मोकळं. तेवढं बघून मी गप्प बसेन."

मिस्त्री पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

*

सरांचा हात कधीपासून थरथरायला लागला ते मला नक्की सांगता येणार नाही. आधी रेघा बिघडल्या. टी-स्क्वेअर लावून मारलेली रेघ सरळ यायला हवी, ती मधेच किंचित लहरायची. सर म्हणायचे, "एसटीने आलो ना, अजून अंगात आहे." मग चहाची बशी वाजायला लागली. मग ते पेन्सिल मला द्यायचे आणि बोटाने दाखवायचे, इथून इथे. त्यांच्या बोटाचं टोक कागदावर थांबत नसे, तरी मला नेमकं कळायचं. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते सरांनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं आणि विषय बदलला.

भूकंपाच्या माणसाला हाच आजार व्हावा, यावर तालुक्यात विनोद झाले. मीही एकदा हसलो होतो. ते आठवलं की अजून माझीच मला लाज वाटते.

एका कचेरीत टाकीच्या नकाशावर सही करायची होती. आम्ही तिघंही गेलो. सरांनी सही केली. क्लार्कने जुनी सही काढली, शेजारी धरली.

"साहेब, ही सही तुमची वाटत नाही."

"मलाही नाही वाटत," सर म्हणाले.

क्लार्क माणूस वाईट नव्हता. त्याने दुसरा कागद दिला, तिसरा दिला. सहीचं प्रत्येक वेळी नवीनच काहीतरी व्हायचं. मागे लोक उभे होते. शेवटी तो हळूच म्हणाला, "साहेब, अंगठा चालेल. मी साक्षीदार घेतो."

स्ट्रक्चरल इंजिनियरने अंगठा लावायचा! सरांनी अंगठा शाईत टेकवला, पण कागदावर तो फरफटत गेला. तेव्हा मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सरांचं मनगट धरलं. गवंडी दोरा धरतो तसं, गच्च पण न दाबता. ठसा स्वच्छ उमटला.

बाहेर पायरीवर बसल्यावर मिस्त्री म्हणाले, "सर, वाईट वाटून घिऊ नगा. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, अन् पयलं काम काय केलं आसंल, तर मला सही शिकवली. तरी साइटच्या मस्टरवर जो तो माझ्याम्होरं शाईचं पॅडच सरकवायचा. मी म्हनायचो, मला सही येती. ते म्हनायचे, लाव रं अंगठा, येळ नगं घालवू."

"मग तुम्ही काय करायचात?" सरांनी विचारलं.

"लावायचो. अन् खाली सही बी करायचो."

सर हसले. त्या वर्षात ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

*

त्यानंतर काही महिन्यांनी मिस्त्री मला म्हणाले, "भाऊसाहेब, बबनरावाच्या पायाचा नकाशा हाय का? येक प्रत काढा. अन् सरांना बोलू नगा."

निरगुडसरला त्यांचं जुनं घर होतं, वडलांनी बांधलेलं, दगड-मातीचं, जाड भिंतींचं. ते त्यांनी स्वतः उतरवलं. एक-एक दगड बाजूला काढून ठेवला. नवं घर बांधायला चार वर्षं लागली, कारण लोकांची कामं उरकून उरलेल्या वेळात बांधायचे. वाळू स्वतः चाळली. ज्या माणसाने दहा वर्षं वाळूची टिंगल केली, तो रविवारी उन्हात बसून चाळणीवर हात फिरवताना मी पाहिला आहे. 

घर पुरं झालं तेव्हा सर पुण्याला होते. मुलीने त्यांना नेलं होतं, कारण आता एकट्याने राहणं शक्य नव्हतं. ऑफिस बंद झालं होतं. खतवाल्याने तिथे पोती ठेवली होती. मी एका बिल्डरकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढायला लागलो होतो. मिस्त्रींनी मुलीला फोन केला, "सर बरं झालं की आना. त्यांना येक दाखवायचं हाय." सर बरे होणार नव्हतेच. दोन पावसाळे गेले. त्या दोन पावसाळ्यांत मिस्त्री दर रविवारी वाकडी काठी घेऊन घराभोवती फिरायचे आणि फटीतला पाला, गोट्या, कोंबडीची पिसं उकरून काढायचे. शेजारी म्हणायचे, मिस्त्रीचं डोकं फिरलंय. वहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, नातवाला फटीत बॉल टाकला म्हणून चोपलं होतं.

शेवटी मुलीचा फोन आला, रविवारी आणते.

मी मंचरहून गाडीत बसलो. सर पुढच्या सीटवर होते. फार वाळले होते. मान कलती, दोन्ही हात मांडीवर, आणि हातांची ती न थांबणारी थरथर. आवाजही बारीक झाला होता. गाडी मिस्त्रींच्या घराच्या मागल्या बाजूला थांबली, कारण पुढची वाट अरुंद होती. आम्ही सरांना व्हीलचेअरवर बसवलं. मिस्त्री पांढरा सदरा घालून उभे होते. त्यांनी घराच्या मागच्या भिंतीकडे हात केला.

सरांनी पाहिलं.

फट! एक वीत. स्वच्छ, काळी, सरळ. कडेने चुन्याची रेघ.

"मिस्त्री," सर म्हणाले.  त्यांनी खुणेने मला खुर्ची भिंतीजवळ घ्यायला सांगितली. मग वाकून हात फटीत घातला, कोपरापर्यंत. आत काही लागलं नाही. हात तिथे आत थरथरत राहिला आणि सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांची मुलगी दुसरीकडे बघायला लागली.

मी खुर्ची पुढे ढकलली. उजवी बाजू, मोकळी. मागच्याच अंगाने वळून आलो, डावी बाजू बघितली, मोकळी. सर पोरासारखे प्रत्येक कोपऱ्यावर मान लांब करत होते. माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. मग आम्ही दर्शनी बाजूला आलो.

दारासमोर सिमेंटचा रॅम्प होता. जमिनीपासून थेट उंबऱ्यापर्यंत, चांगला रुंद, फट गिळून बसलेला. वर ओलं गोणपाट टाकलेलं, दोन्ही बाजूंना वहिनींनी रांगोळी काढलेली.

मी खुर्ची तिथेच थांबवली. "मिस्त्री," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"रॅम्प हाय."

"अहो, पण फट..."

"म्या इसरलो न्हाई," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे न बघता, सरांकडे बघत म्हणाले. "तुमाला वाटंल, ह्यो बी बबनरावच निघाला. तसं न्हाई, सर. ताईचा फोन आला तवापासनं इचारच करत व्हतो. तुमी चालत येनार न्हाई. उचलून आत न्यायचं, तर तुमी काय पोतं हाय का? फळी टाकून पाह्यली. तिच्यावर नातवाला बसवून खुर्ची ढकलून पाह्यली. फळी हलती, सर. तुमच्या खाली हलनारं काय ठिवू मी?"

 दारात वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना काय झालंय ते कळत नव्हतं. खुर्चीच्या दांड्यावर सरांची अंगठी बारीक वाजत होती, टिकटिक, टिकटिक. मी त्या एका शब्दाची वाट बघत होतो. मिस्त्रीही बघत होते. त्यांनी पहार आधीच भिंतीला टेकवून ठेवली होती, ती मला तेव्हा दिसली.

"कधी घातलं?" सरांनी विचारलं.

"तीन दिस झालं."

सर रॅम्पकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "आत घ्या."

मी खुर्ची चढवली. उंबऱ्याच्या अलीकडे, बरोबर फटीच्या वर आलो, तसा त्यांनी हात हलवून मला थांबवलं. गोणपाटाचा एक कोपरा उन्हाने वाळला होता. सर वाकले आणि थरथरत्या बोटांनी तो चाचपून पाहिला.

"इथं कोरडं पडलंय," ते म्हणाले. "सात दिवस पाणी मारा, मिस्त्री."